प्रश्नासाठी राखलेला तास

(बीड जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र विभागांनी मिळून साप्ताहिक अतिथी व्याख्यान सुरू करावे, या विचारासाठी अंबाजोगाई येथे प्राध्यापक, विद्यार्थी व पालक यांची बैठक झाली. त्या बैठकीत एका निवृत्त प्राध्यापकांनी केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



माझा सत्कार करू नये, ही विनंती संयोजकांनी मान्य केली, त्याबद्दल आरंभीच त्यांचे आभार मानतो. शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ यांविषयी माझ्या मनात अनादर नाही. पण आजच्या विषयाशी या तिन्ही वस्तूंचे वैर आहे. ते कसे, हे एका प्रसंगावरून सांगतो.

मराठवाड्यातील एका महाविद्यालयात मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवले. अखेरची काही वर्षे विभागप्रमुख होतो. आमच्याकडेही अतिथी व्याख्याने होत. एकदा एक विद्वान पाहुणे विश्वाच्या प्रसरणावर बोलण्यासाठी आले. गाडीला उशीर झाला होता. त्यानंतर दीपप्रज्वलन, स्वागतगीत, परिचय, सत्कार आणि दोन मान्यवरांची मनोगते झाली. मूळ व्याख्यानासाठी जेमतेम पंचवीस मिनिटे उरली. पाहुणे उत्तम बोलले. ते संपताच मागच्या रांगेतला एक मुलगा उभा राहिला. त्याचे आई-वडील दसऱ्यानंतर कोयता घेऊन कारखान्यावर जात आणि तो आजीपाशी राहून शिके. त्याने विचारले, "सर, प्रकाशापेक्षा वेगाने काहीही जाऊ शकत नाही असे आम्हाला शिकवले आहे. आपण आत्ता म्हणालात की, फार दूरच्या दीर्घिका प्रकाशापेक्षा अधिक वेगाने आपल्यापासून दूर जात आहेत. मग यातले खरे काय?"

पाहुण्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि माझ्याकडेही पाहिले. मी उठून म्हणालो, "बाळ, वेळ झाली आहे. आता आभारप्रदर्शन." सभागृहात थोडे हसू पसरले आणि तो मुलगा खाली बसला. पुढच्या व्याख्यानाला तो आला नाही. आला असता तरी काही विचारले असते असे मला वाटत नाही.

त्या दिवशी आमच्याकडे कार्यक्रम झाला, व्याख्यान झाले नाही. हा भेद ध्यानी आला तरच आजच्या बैठकीला अर्थ आहे.

विद्यापीठांच्या भौतिकशास्त्र विभागांत आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी, बाहेरचा कोणी अभ्यासक येतो आणि आपण सध्या काय करीत आहोत ते सांगतो. इंग्रजीत याला 'कलोक्वियम' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'एकत्र बोलणे' असा आहे. आपली व्याख्यानमाला निराळी. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेने महाराष्ट्राला ऐकण्याची सवय लावली, हे उपकार मोठेच आहेत. पण तेथे वक्ता बोलतो आणि समाज ऐकतो. कलोक्वियममध्ये ऐकणारा हा निम्मा वक्ता असतो. त्याने मध्येच थांबवावे, "हे समीकरण कोठून आले?" असे विचारावे, अशी अपेक्षाच असते. न विचारल्यास वक्ता खिन्न होतो, की आपले बोलणे कोणाला कळले नाही किंवा कोणाला त्याची गरज नव्हती.

बर्लिन विद्यापीठात १९२० च्या दशकात दर बुधवारी माक्स फॉन लाउए यांचे असे सत्र भरे. पहिल्या रांगेत प्लांक, आइन्स्टाइन, नर्न्स्ट बसत. नोबेल मिळवलेली ही माणसे समोर एखाद्या तरुणाने नुकत्याच छापून आलेल्या शोधनिबंधाचा सार सांगावा म्हणून तेथे येत. वयाने आणि मानाने मोठा असलेला माणूस तासभर विद्यार्थी होऊन बसतो, हे दृश्य मागच्या रांगेतल्या विद्यार्थ्याला दहा पुस्तकांहून अधिक शिकवते.

केंब्रिजची गोष्ट तर अधिक मनोरंजक आहे. प्योत्र कापित्सा हा रशियन तरुण रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत आला आणि त्याला आढळले की, येथील मुले हुशार असूनही तोंड उघडत नाहीत. भीड! म्हणजे भीड ही काही केवळ आपल्या मराठवाड्याची मिरासदारी नव्हे. १९२२ साली त्याने आपल्या खोलीवर मंगळवारी रात्री एक मंडळ भरवण्यास आरंभ केला. सांगतात की, सुरुवातीला तो स्वतः मुद्दाम ढोबळ चुका करी, म्हणजे मुलांना टोकण्याचे धाडस व्हावे. एकदा टोकले की, मग त्यांना थांबवणे कठीण होई. दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३२ मध्ये, जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉनच्या शोधाची हकिगत याच मंडळात सांगितली. कित्येक रात्री त्यांची झोप झालेली नव्हती. बोलणे संपवून ते म्हणाले की, आता मला क्लोरोफॉर्म देऊन पंधरा दिवस निजवून ठेवा.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हा प्रघात रुजवला. होमी भाभांनी १९४५ साली स्थापन केलेल्या या संस्थेत बुधवारी दुपारी चार वाजता कलोक्वियम भरते. तेथील एक दंडक मला फार मोलाचा वाटतो. वक्ता केवळ आपल्या विषयाच्या मंडळींसाठी बोलत नाही. गणिताचा माणूस, जीवशास्त्राचा माणूस समोर बसलेला असतो, त्यालाही समजेल असे बोलावे लागते. पांडित्याच्या आड लपण्याची सोय राहत नाही.

आता कोणी म्हणेल, हे सारे बर्लिन-केंब्रिजचे अनुकरण झाले. मला तसे वाटत नाही. आपल्या न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार स्पष्ट सांगून ठेवले आहेत. सत्य कळावे म्हणून दोघांनी मिळून केलेली चर्चा तो वाद. जिंकण्यासाठी केलेली चर्चा तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता समोरच्याचे केवळ खंडन करीत राहणे ती वितंडा. आज मराठीत 'वाद' हा शब्द भांडणासाठी वापरला जातो, यातच आपण काय गमावले ते कळून येते. दूरचित्रवाणीवर रोज रात्री जे चालते त्याला आपण चर्चा म्हणतो. त्यात जल्प किती आणि वितंडा किती, याचे मोजमाप श्रोत्यांनीच करावे. साप्ताहिक व्याख्यानाचा तास हा वादाचा तास आहे, जुन्या आणि शुद्ध अर्थाने.

आणखी एक पुरावा तर आपल्या मराठी मुलुखातलाच आहे. चाळीसगावजवळ पाटण येथे शके ११२८ चा एक शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात विद्वानांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या सिद्धांतशिरोमणी आदी ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापला आणि निकुंभ वंशातील सोईदेवाने त्याला दान दिले, असे त्यात नमूद आहे. लेखाचा बराचसा भाग संस्कृत आहे. पण दानाचा तपशील आला की, भाषा मराठी होते, कारण तो तेल्याला आणि दुकानदाराला कळायला हवा! गावात जितके घाणे चालतील तितक्यांनी प्रत्येकी पळीभर तेल मठाला द्यावे, असा त्यातला एक नियम आहे. भास्कराचार्यांचे नाव घेऊन छाती फुगवणारे आपण पुष्कळ आहोत. त्यांच्या चक्रवाल रीतीने एक उदाहरण सोडवून पाहणारे किती आहेत? त्या काळच्या गावाने अभिमानाची भाषा केली नाही, त्याने पळीभर तेल दिले. शिकवणे चालू राहावे यासाठी घाणा चालवणाऱ्याने वाटा उचलावा, ही रीत या भूमीला आठशे वर्षांपूर्वी ठाऊक होती.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळतो, कारण खरी अडचण येथे आहे.

आपली महाविद्यालये छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग तेथे आहे. केज किंवा धारूरहून दर आठवड्याला तेथे जाणे मुलांना शक्य नाही. दुसरीकडे, बारावीला बरे गुण पडलेला मुलगा लातूरची शिकवणी गाठतो आणि वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या रांगेत उभा राहतो. त्यात गैर काही नाही. पालकांना मी दोष देत नाही, माझ्याही घरात तेच झाले. पण त्या शिकवणीत प्रश्न विचारणारा एकच असतो, तो म्हणजे प्रश्नपत्रिका. मुलगा केवळ उत्तर देतो, आणि तेही चारांपैकी एकावर खूण करून. दोन वर्षे असे गेल्यावर 'मला हे कळले नाही' हे वाक्य त्याच्या जिभेवरून उतरते. भौतिकशास्त्राची पदवी घ्यायला जी मुले आपल्याकडे उरतात, त्यांना आपण उरलेली समजतो आणि मुलेही स्वतःला तसेच समजू लागतात. माझ्या मते साप्ताहिक व्याख्यानाची खरी निकड या मुलांसाठी आहे.

पाहुणे कोठून आणायचे, असा प्रश्न मला कालच विचारला गेला. १७ सप्टेंबर २०२५ रोजी अहिल्यानगरहून बीडपर्यंत प्रवासी रेल्वे आली आणि आपल्या तीन पिढ्यांचे गाऱ्हाणे निम्मे तरी मिटले. पुण्याचे विद्वान आता यायला थोडे कमी कुरकुरतील. पण दर आठवड्याला पुण्या-मुंबईचा पाहुणा मिळणार नाही आणि मिळू नये. परळीला १९७० च्या दशकापासून औष्णिक विद्युत केंद्र आहे. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी ते बंद ठेवावे लागले, हे येथील प्रत्येकाला आठवत असेल. माझ्या वर्गात तेव्हा एका मुलीने विचारले होते, "सर, बॉयलरमधले पाणी वाफ होऊन पुन्हा पाणीच होते ना? मग रोज नवे पाणी कशाला लागते?" पुस्तकात वाफेच्या इंजिनाची आकृती होती. तिला या प्रश्नाचे उत्तर त्या आकृतीत सापडत नव्हते.

उत्तर असे आहे. बॉयलर आणि टर्बाइन यांतले पाणी खरोखरच बहुतांशी फिरत राहते. पण कोळशाच्या उष्णतेचे शंभर भाग केले, तर त्यातील सुमारे पस्तीस-सदतीस भागांचीच वीज होते. उरलेली उष्णता कोठे तरी टाकून द्यावीच लागते. उष्माशास्त्राचा दुसरा नियम तेथे कोणाची गय करीत नाही. ती उष्णता नेण्यासाठी दुसरे पाणी लागते. ते थंड करण्यासाठी त्या बुटक्या, कमरेत आवळलेल्या अजस्र मनोऱ्यांत सोडतात आणि तेथे त्याचा काही अंश वाफ होऊन आकाशात जातो. मनोऱ्याच्या माथ्यावर दिसणारा पांढरा लोट म्हणजे धूर नव्हे. आपल्या दुष्काळी तालुक्याचे पाणीच वर चाललेले असते. कार्नो नावाच्या फ्रेंच तरुणाने १८२४ साली मांडलेला विचार आणि परळीकरांच्या घागरी यांचा असा संबंध आहे. केंद्रातला एखादा अभियंता फळ्यापाशी तासभर उभा राहिला, तर याहून चांगले कलोक्वियम मुंबईतही होणार नाही.

अंबाजोगाईत वैद्यकीय महाविद्यालय आहे. क्ष-किरण आणि सोनोग्राफी यांविषयी तेथील डॉक्टरांना बोलवा. माजलगावच्या धरणावरील अभियंत्यांना बोलवा. विहिरीवरचा सौर पंप दुपारी चांगला चालतो आणि कडक उन्हात थोडा मंदावतो, हे ज्या शेतकऱ्याने पाहिले आहे त्याला बोलवा. पट्टी तापली की तिचा व्होल्टेज उतरतो, हे त्याला आपण सांगू. पट्टीवर धूळ बसली की काय होते, ते तो आपल्याला सांगेल.

भाषेचा मुद्दा थोडक्यात. हा तास मराठीत व्हावा. मुकुंदराजांची समाधी ज्या गावात आहे तेथे उभे राहून, गहन विषय मराठीत सांगता येतो की नाही, याची चर्चा करणे मला शोभणार नाही. संज्ञा इंग्रजी राहू द्या. 'एन्ट्रॉपी'ला प्रतिशब्द शोधण्यात पंधरा मिनिटे घालवू नका. ढाक्क्यासारख्या नव्या विद्यापीठात बसून १९२४ साली आइन्स्टाइनना आपला शोधनिबंध पाठवणारे सत्येंद्रनाथ बोस पुढे कोलकात्यात बंगीय विज्ञान परिषद स्थापतात आणि बंगालीतून विज्ञान सांगण्याचा आग्रह आयुष्यभर धरतात, याचा अर्थ त्यांना इंग्रजी येत नव्हते असा कोणी घेत नाही. मुलाला इंग्रजीत वाक्य जुळवावे लागले, तर तेवढ्या वेळात त्याचा प्रश्न विझतो. माझा हा अनुभव आहे.

वेळेचा मुद्दा मात्र विस्ताराने सांगतो, कारण बहुतेक योजना तेथेच मोडतात. मुंबईत चार वाजता भरते म्हणून आपण चार वाजता भरवू नये. आपल्या वर्गात निम्म्या मुली खेड्यांवरून एस.टी.ने येतात आणि त्यांची सोयीची गाडी पाच-साडेपाचला असते. चारचा तास साडेचारला सुरू झाला की, सव्वापाचला दाराकडे नजरा लागतात आणि प्रश्नांची वेळ येईस्तोवर मुली गेलेल्या असतात. मग आपण म्हणतो, मुली प्रश्न विचारीत नाहीत! तास सकाळी अकराला ठेवा. पंचेचाळीस मिनिटे बोलणे, पंधरा मिनिटे प्रश्न आणि नंतर चहा. चहा वगळू नका. १९२५ साली हायझेनबर्ग कापित्साच्या मंडळात बोलून गेले, तेव्हा त्यांच्या नव्या क्रांतिकारक कल्पनेविषयी व्याख्यानात फारसे आले नव्हते. ती त्यांनी आपले यजमान फाउलर यांच्याशी खाजगीत बोलताना सांगितली, आणि पुढे फाउलर यांच्याकडूनच तो शोधनिबंध डिरॅक या विद्यार्थ्याच्या हाती पडला. सभागृहात न विचारलेला प्रश्न कपबशी हातात असताना विचारला जातो.

एका तरुण प्राध्यापकाने मला सुनावले की, जगातल्या उत्तमोत्तम व्याख्यानांच्या चित्रफिती आता मुलाच्या मोबाइलवर आहेत, मग हा खटाटोप कशाला? त्याचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. त्या फिती मीही पाहतो. पण चित्रफितीला थांबवता येते, टोकता येत नाही. डॉ. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना म्हणत की, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तरासोबत स्वाक्षरी मिळेल. आणि ती उत्तरे ते खरोखर पाठवीत. पुण्याच्या 'आयुका'त शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्याने सुरू झाली, त्यामागेही तीच दृष्टी होती. २० मे २०२५ रोजी ते गेले, तेव्हा महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत जपून ठेवलेली पोस्टकार्डे बाहेर निघाली असतील. त्या मुलांना स्वाक्षरीसाठी प्रश्न शोधावा लागला, हे मला महत्त्वाचे वाटते.

फळ केव्हा दिसेल, हे मला विचारू नका. कोलकात्यात डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली लोकवर्गणीतून विज्ञानसंवर्धनाची संस्था काढली. तेथे व्याख्याने होत, उपकरणे होती, परंतु आयुष्य वाहून घेणारे संशोधक मिळेनात. १९०४ साली सरकार गेले ते आपला प्रयत्न फसला असे मानून. तीन वर्षांनी अर्थखात्यातला एक तरुण अधिकारी कचेरी सुटल्यावर त्या इमारतीत शिरला आणि तेथे काम करू लागला. ते चंद्रशेखर वेंकट रामन होते. २८ फेब्रुवारी १९२८ चा शोध त्याच इमारतीतला. मधल्या काळात ते दार कोणी तरी उघडे ठेवले होते.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. काही वर्षांपूर्वी परळीच्या बसस्थानकावर एका गृहस्थाने वाकून नमस्कार केला. मी ओळखले नाही. त्यानेच आठवण दिली. आता तो एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. म्हणाला, "सर, त्या प्रश्नाचे उत्तर मला नंतर एका पुस्तकात सापडले. वेगाची मर्यादा आहे ती अवकाशातून धावणाऱ्या वस्तूला. त्या दीर्घिका तशा धावत नाहीत, मधले अवकाशच ताणले जाते." मी म्हणालो, "बरोबर आहे." तो क्षणभर थांबला. मग अगदी आदराने त्याने विचारले, "तुम्हाला त्या दिवशी ते माहीत होते का, सर?"

मी नाही म्हणालो. ते खरे होते. वेळ झाली होती म्हणून मी त्याला बसवले नव्हते. पाहुण्यांपुढे आणि संपूर्ण महाविद्यालयापुढे आपल्यालाही हे ठाऊक नाही, हे उघड होईल, या भयाने बसवले होते. घरी येऊन मी पुस्तके काढली तेव्हा कुठे मला उत्तर कळले. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन त्याला सांगणे सहज शक्य होते. तेही मी केले नाही. "मग आपण दोघांनीही ते नंतरच शोधले म्हणायचे," असे म्हणून तो हसला. त्याची गाडी लागली होती.

म्हणून माझ्या सूचना मी लेखी दिल्या आहेत. सत्कार नको. वेळ अकराची. पहिले दोन प्रश्न विद्यार्थ्यांचे, त्यातला एक मुलीचा, आणि ते विचारले जाईपर्यंत प्राध्यापकांनी गप्प बसावे. उत्तर ठाऊक नसेल तर वक्त्याने तसे म्हणावे आणि पुढच्या आठवड्यात ते फळ्यावर लिहिले जावे, यासाठी फळ्याचा एक कोपरा कायम राखावा. चहाचा खर्च पहिल्या वर्षी मी करीन, पळीभर तेल समजा. पहिल्या शनिवारी परळीचे अभियंता येत आहेत. त्यांना मी ती कुंद पावसाळी हवेची शंका विचारणार होतो, की हवा दमट असली म्हणजे मनोऱ्याचे काम किती बिघडते. पण दोन प्रश्न होईपर्यंत मलाही थांबावे लागेल.